ओले फडके

आमच्या घरात पाने पुष्कळ आहेत, पण ती पुस्तकांची नव्हेत. दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, रिंगपाना, बॉक्सपाना, प्लगपाना अशी ती पाने. चौथीत असताना बाईंनी 'कोणाकोणाच्या घरी पुस्तके आहेत?' असे विचारले, तेव्हा मी उभी राहून 'आमच्या घरी पाने आहेत' असे सांगितले होते. वर्ग का हसला हे मला बऱ्याच उशिरा कळले. आज मी मराठी घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दोन्ही प्रकारच्या पानांशी माझा संबंध येतो. ज्या प्रसंगाविषयी लिहायला बसले आहे, त्या दिवशी मात्र दोन्हींपैकी एकाचाही मला उपयोग करता आला नाही.

माझे वडील वाईहून पाचगणीला जाणाऱ्या रस्त्यावर गॅरेज चालवतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो, गिऱ्हाइके मिस्त्री म्हणतात. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा, एक लोखंडी कपाट आणि गाडीखाली उतरण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा. रस्ता इथून पुढे पसरणी घाटाला लागतो आणि बारा-तेरा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढतो. गाडीतली खोट सपाटीला लपते, घाटात लपत नाही. देवळाच्या पायरीवर भिकारी बसतात तसे आबा घाटाच्या पायरीवर बसले आहेत, असे आई रागात असली म्हणजे म्हणते.

आबांची शाळा चौथीत सुटली. चौदाव्या वर्षी ते मुंबईला गेले आणि टॅक्सी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून राहिले. तिथे सगळ्या गाड्या एकाच जातीच्या होत्या, फियाट आणि पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी इटलीच्या फियाटची ही गाडी कुर्ल्याला बनवत असे. १९७४ पासून तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. चार सिलिंडर, १०८९ सी.सी., गिअरची दांडी स्टिअरिंगखाली आणि पुढची सीट सलग बाकासारखी. पुढे ही गाडी बनायची थांबली. मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमच्या गेल्या, त्या दिवशी आबांनी टीव्हीवरची बातमी उभ्यानेच पाहिली आणि जेवायला बसताना 'चला, संपलं' एवढेच म्हणाले. आता त्यांच्याकडे काम येते ते बहुतेक रिक्षांचे आणि छोट्या टेम्पोंचे. नव्या मोटारी कंपनीच्या वर्कशॉपात जातात. पण आसपासच्या गावांत पाच-सहा पद्मिनी अजून चालतात, आणि त्यांचे मालक आबांखेरीज कोणालाही बॉनेट उघडू देत नाहीत.

मी सहा वर्षांची असल्यापासून आबांसाठी बॅटरी धरते. सुरुवातीला उजेड हलायचा. "उजीड कामावर धर, माझ्या तोंडाकडं काय बघतीस?" असे ते ओरडायचे. उजेड कामावर धरायचा तर काम कुठे चालले आहे हे कळावे लागते, म्हणून मी बघायला लागले. मग नावे पाठ झाली. प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटतो तो डेल्को. इंजिनाच्या अंगाला बसवलेला, टाकीतून पेट्रोल ओढणारा तो एसी पंप. रेडिएटरचे पाणी फिरवते ती वॉटर बॉडी. ही नावे पुस्तकात निराळी आहेत हे मला अकरावीत समजले, आणि पुस्तकातली नावे आबांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "असतील. पन दुकानात मागायला गेलीस तर मिळायची न्हाईत."

आबा गाडीविषयी बोलतात ते माणसाविषयी बोलावे तसे. कार्बोरेटरमधून फटकन उलटा आवाज आला की 'शिंकतीय', म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते आहे. मागून काळा धूर आला की 'अधाशी झालीय', पेट्रोल जास्त जळते आहे. निळा धूर आला तर 'ऑइल पितीय', रिंगा झिजल्या. पांढरा धूर थांबेना, रेडिएटरात बुडबुडे येऊ लागले आणि ऑइलच्या पट्टीवर दुधासारखा फेस दिसला, तर मात्र आबा विनोद करत नाहीत. हेडचे पॅकिंग गेलेले असते आणि मालकाला खर्च सांगायचा असतो. घाटात इंजिन ओरडते पण गाडी चढत नाही, तेव्हा क्लच प्लेट घासलेली. ब्रेकचे पेडल स्पंजासारखे लागले तर पाइपात हवा. आणि दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात राहिले तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेले. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते, ते जुन्या रबरांना मानवत नाही. त्यामुळे पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा हे दुखणे अलीकडे वाढले आहे.

मला सगळ्यात आवडते ती 'मिसिंग' शोधायची रीत. चारपैकी एक सिलिंडर काम करत नसेल तर इंजिन लंगडते. चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर पकडीने काढायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडते. जिची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच बसून होता. आमच्या स्नेहसंमेलनाच्या समितीवर हा प्रयोग करून पाहावा असे मला फार दिवसांपासून वाटते आहे.

एकूण, मला येते असे मला वाटत होते.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आबा सामान आणायला साताऱ्याला गेले होते. दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास गुरुजींची पद्मिनी गॅरेजसमोर येऊन थांबली. थांबली म्हणजे बंदच पडली. गुरुजी निवृत्त शिक्षक आहेत आणि गाडी १९८८ सालची. दर पाच वर्षांनी ते तिची नोंदणी नवी करून घेतात आणि पेढे वाटतात. शेजारी काकू बसल्या होत्या. काकूंच्या थोरल्या बहिणीला पाचगणीला दवाखान्यात ठेवले होते आणि भेटायची वेळ संध्याकाळी सातपर्यंत होती.

"सकाळपासनं दोनदा बंद पडली बघ," गुरुजी म्हणाले. "गरम झाली की बंद. अर्धा तास उभी केली की सुरू. मिस्त्री कधी येतील?"

मी म्हटले, "गुरुजी, व्हेपर लॉक आहे. मी करते."

व्हेपर लॉक ही जुन्या गाडीची उन्हाळ्यातली सर्वांत ओळखीची खोड. बॉनेटखालच्या उष्णतेने पेट्रोलची पाइपातच वाफ होते. पंप पेट्रोल ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. म्हणून कार्बोरेटर कोरडा पडतो आणि गाडी थांबते. उपाय अगदी साधा: पंपावर ओले फडके ठेवायचे. वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. मे महिना, भर दुपार, गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू. एकूण एक लक्षण जुळत होते. मी फडके भिजवले, पिळले, पंपाला गुंडाळले, वरून पाणी शिंपडले. रेडिएटरचे पाणी पाहिले, फॅन बेल्ट दाबून पाहिला. काकूंना चहा आणून दिला. वीस-पंचवीस मिनिटांनी गुरुजींना सेल्फ मारायला सांगितले. पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली.

तो क्षण मला अजून आठवतो आणि आठवला की कानशिले तापतात. गुरुजी म्हणाले, "मिस्त्रींच्या हातचा गुण उतरलाय." मी दीडशे रुपये घेतले. पुढच्या प्रवासासाठी फडके पंपावर तसेच राहू दिले आणि वाटेत त्यावर पाणी घालायला एक बाटली दिली. ते गेल्यावर हात न धुताच बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले. काळे हात त्या दिवशी मला आवडले होते.

आबा साताऱ्याहून आले आणि पाठोपाठ त्यांचा फोन वाजला. सात वाजत आले होते. गाडी घाटात अर्ध्यावर उभी होती. तीनदा बंद पडली, तीनदा सुरू झाली. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी अंतर जात होती. बाटलीतले सगळे पाणी फडक्यावर ओतून झाले होते. आबांनी कपाटातून दोन-तीन पुड्या खिशात टाकल्या आणि मला म्हणाले, "बॅटरी घे."

स्कूटरवरून वळण घेतले आणि गाडी दिसली. गुरुजी आत ब्रेकवर पाय दाबून बसले होते, कारण हँडब्रेक चढाला पुरत नव्हता. आणि काकू, अडुसष्ट वर्षांच्या, इरकली लुगड्याचा पदर खोचून कडेच्या चरातून एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणत होत्या. एक दगड मागच्या चाकाखाली आधीच लावलेला होता. आमच्या उजेडात त्यांनी वर पाहिले आणि म्हणाल्या, "आलास का रे बाबा." मला त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

आबांनी बॉनेट उघडले. "आत्ताच बंद पडली न्हवं? मग थंड व्हायच्या आत बघू." कार्बोरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप त्यांनी सोडवला, त्याचे तोंड रिकाम्या बाटलीत धरले आणि गुरुजींना सेल्फ मारायला सांगितले. बाटलीत पेट्रोलची पिचकारी पडली, मग आणखी एक, मग आणखी एक. पंप ठणठणीत होता. आबांनी पाइप परत आवळला, सांडलेले टिपून घेतले आणि ते उडून जाईपर्यंत थांबले. मग डेल्कोच्या टोपीतली मधली, कॉइलवरून येणारी वायर काढली, पकडीने तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून बोटाच्या पेराहूनही कमी अंतरावर धरले आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी आली ती पिवळी, बारीक, कधी उडणारी आणि कधी न उडणारी. ठिणगी निळी आणि कडाड आवाजाची हवी, हे मी दहा वर्षे बॅटरी धरून पाहिलेले होते.

दोष कंडेन्सरमध्ये होता. डेल्कोच्या पॉइंटला जोडलेली ही करंगळीएवढी डबी. पॉइंट उघडतो तेव्हा तिथेच ठिणगी उडून ताकद वाया जाऊ नये, ती कॉइलमार्गे प्लगपर्यंत पोचावी, हे तिचे काम. ती खराब होऊ लागली की पॉइंट जळतात आणि ठिणगी मरते. आणि पुष्कळदा हे गरम झाल्यावरच होते, थंड झाली की डबी पुन्हा बरी वागते. म्हणजे लक्षण तेच: गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू. माझ्या ओल्या फडक्याने काहीच केले नव्हते. फडके लावून आम्ही पंचवीस मिनिटे थांबलो, तेवढ्यात कंडेन्सर थंड झाला, एवढेच.

आबांनी नवा कंडेन्सर बसवला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजची पाती सरकवून त्यांच्यातली फट सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर आणली. माझा उजेड हलत होता. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. पंपावरचे फडके त्यांनी काढले, पिळले आणि आपल्या खिशात ठेवले. मग दीडशे रुपये डॅशबोर्डवर ठेवले. गुरुजी 'नको, पोरीने वेळ दिला होता' म्हणत राहिले. आबांनी ऐकले नाही आणि कंडेन्सरचेही पैसे घेतले नाहीत. गाडीमागून आम्ही दांडेघरपर्यंत गेलो. पाचगणीला पोचायला त्यांना साडेनऊ झाले. भेटायची वेळ टळून गेली होती. बहिणी एकमेकींना भेटल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. भेटल्या, हे माझे नशीब.

उतारावर आबा एकदाच बोलले. "ठिणगी बघितली न्हवतीस?"

"नाही."

"का?"

"गाडी सुरू झाली म्हणून."

यावर ते काही म्हणाले नाहीत.

पहिल्या वर्षाला मला तर्कशास्त्र होते. एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणून ती दुसरीमुळेच घडली असे मानणे हा तर्कदोष, हे आम्हाला शिकवले होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. संस्कृतात त्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला दहापैकी आठ गुण मिळाले होते. वाड्याच्या जिन्याचे उदाहरण देऊ की पावसाचे, याचा मी उत्तरपत्रिकेत बराच विचार केला होता. माझ्या हातात प्रत्यक्ष कावळा येऊन बसला तेव्हा मला तो ओळखू आला नाही. कदाचित त्याने माझे कौतुक केले म्हणून असेल.

पुढचे तीन आठवडे आबांनी मला गॅरेजात बोलावले नाही. रागावले असते तर बरे वाटले असते. "आब्यास कर, परीक्षा हाय," एवढेच म्हणायचे. परीक्षा तर कधीच संपली होती. आईला हे सोयीचेच होते. पोरीच्या जातीला ऑइलचे हात शोभत नाहीत हे तिचे मत जुने आहे, आणि आता तिला पुरावा मिळाला होता. मी एक वही केली. चार रकाने पाडले: लक्षण, काय वाटले, काय तपासले, काय निघाले. आजवर पाहिलेल्या गाड्या आठवून आठवून लिहिल्या. दुसरा आणि चौथा रकाना किती वेळा जुळत नाहीत, हे लिहिताना दिसू लागले. सेल्फ फिरत नाही म्हणून मालकाने नवी बॅटरी घेतली आणि निघाली टर्मिनलवरची पांढरी बुरशी. गरम पाणी ओतून फडक्याने पुसली की संपले. गाडी तापते म्हणून रेडिएटर उतरवला आणि निघाले झाकण, त्याची स्प्रिंग गेली होती.

एका रात्री आबांनी विचारले, "काय लिहितीस?" मी वाचून दाखवले. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "ह्यात माझं कुठाय?"

"सगळं तुमचंच आहे की, आबा."

"माझं चुकल्यालं."

मग त्यांनी मला ते सांगितले, जे त्यांनी आईलाही कधी सांगितले नव्हते. मुंबईला असताना, विशीच्या आत, एका टॅक्सीच्या इंजिनातून ठोका येत होता. मोठे मिस्त्री गावी गेलेले. आबांनी ऐकले आणि सांगितले, बेअरिंग गेले. खालची ऑइलची टाकी उतरवली, बेअरिंगे उघडली. सगळी चांगली. परत बसवून सुरू केले, तरी ठोका तसाच. तिसऱ्या दिवशी मोठे मिस्त्री आले, त्यांनी डायनॅमोवर नुसता हात ठेवला आणि ठोका थांबला. डायनॅमोचा बोल्ट ढिला होता. टॅक्सीवाल्याची तीन दिवसांची कमाई बुडाली आणि ती आबांच्या पगारातून पुढचे दोन महिने कापली गेली. "त्याची पोरगी आजारी हुती तवा," आबा म्हणाले. "ते मला मागनं कळलं." मग थोड्या वेळाने, "लिव्ह. काय वाटलं: बेरिंग. काय तपासलं: काय न्हाय. असंच लिव्ह."

मी तसेच लिहिले. त्यांनी वही हातात घेऊन ते पान बराच वेळ पाहिले. जोडाक्षरे त्यांना चटकन लागत नाहीत. 'बेअरिंग' हा शब्द त्यांनी बोट ठेवून वाचला.

दिवाळीच्या आधी गुरुजींची गाडी पुन्हा आली. पुढच्या सीटवर काकू होत्या. इंजिन लंगडत होते. आबा एका रिक्षाखाली होते, तिथूनच त्यांनी हाक मारली, "गुरुजींचं तू बघ गं." गुरुजींनी मान हलवली. काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि मग समोर काचेकडे पाहिले.

मी एकेक वायर काढली. तिसऱ्या सिलिंडरला फरक पडला नाही. हात प्लगच्या डबीकडे गेला होता, तो मागे घेतला. इंजिन बंद करून तिसरा प्लग दुसऱ्या जागी आणि दुसरा तिसऱ्या जागी बसवला. दोष प्लगमध्ये असेल तर तो प्लगबरोबर जाईल, सिलिंडरमध्ये असेल तर तिथेच राहील. पुन्हा सुरू केले, दुसरी वायर काढली. इंजिनाला काही कळले नाही. दोष प्लगबरोबर गेला होता. नवा प्लग बसवला, फट पाहिली. चारी सिलिंडर एका लयीत चालू लागले.

"झाली का गं?" काकूंनी विचारले.

"थांबा काकू," मी म्हटले. "अजून गरम होऊ दे."